अवयवदान जागृतीचं काम सुरू करताना: नव्या स्वयंसेवकांसाठी वाटाड्या

फॉर्म भरला की अवयवदान झालं, असं मनात धरूनच बहुतेक नवे स्वयंसेवक या कामात येतात. टेबल मांडलं जातं, सह्या घेतल्या जातात, आकडा फुगतो. त्या सह्यांतून प्रत्यक्ष दान किती झालं, हे कुणी विचारत नाही. फॉर्म निरुपयोगी असतो असं नाही, पण निर्णयाची वेळ येते तेव्हा तो भरणारा बोलू शकत नसतो. बोलतात ते घरचे. कायद्याने त्यांची संमती लागत असो वा नसो, जगातल्या बहुतेक ठिकाणी घरच्यांनी ठाम नकार दिला की डॉक्टर पुढे जात नाहीत. म्हणून खालचा सगळा खटाटोप दोन गोष्टींसाठी आहे: माणसाने आपली इच्छा घरात बोलून दाखवावी, आणि घरच्यांना त्या वेळी फोन कुठे करायचा ते ठाऊक असावं.

पायरी पहिली: दोन मृत्यूंमधला फरक पक्का करा

याच मुद्द्यावर सर्वात जास्त गोंधळ होतो, स्वयंसेवकांचासुद्धा.

हृदय बंद पडून माणूस घरी किंवा रुग्णालयात वारला, तर डोळे, त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा अशा ऊती देता येतात. मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुप्फुसं हे अवयव मात्र माणूस अतिदक्षता विभागात मेंदूमृत झाला, व्हेंटिलेटरवर असला आणि रक्ताभिसरण चालू असलं, तरच साधारणपणे घेता येतात. कारण सोपं आहे. रक्तपुरवठा थांबला की अवयव फार वेळ तग धरत नाहीत. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, हा मुळात रक्तवाहिन्यांवाचूनच जगतो. त्याला बराचसा ऑक्सिजन थेट हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत मिळतो. म्हणून तो मृत्यूनंतर काही तास चांगला राहतो.

काही देशांत हृदय थांबल्यानंतरही अवयव घेतले जातात, पण तेही रुग्णालयात, पथक तयार असताना. घरी रात्री वारलेल्या माणसाचं मूत्रपिंड सकाळी कुणाला बसवता येत नाही. हे आधी सांगितलं नाही तर काय होतं, ते ध्यानात घ्या: ‘सर्व अवयव दान’ असा फॉर्म भरलेल्या माणसाचे नातेवाईक मोठ्या मनाने फोन करतात आणि ‘फक्त डोळे घेऊ’ हे ऐकून दुखावतात. आपल्या माणसाला नाकारलं, अशी भावना होते. चूक त्यांची नसते, फॉर्म भरून घेणाऱ्याची असते.

आता तासांचं गणित. इथे दोन घड्याळं चालतात आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नका. पहिलं घड्याळ मृत्यूपासून ऊती काढेपर्यंतचं. डोळ्यांसाठी सहा तासांच्या आत, हा सगळीकडे सांगण्याजोगा आकडा. त्वचेसाठीही सहा तास धरा. मृतदेह शीतगृहात असेल तर जास्त वेळ मिळू शकतो, पण ते पेढीने, म्हणजे दान केलेले डोळे किंवा त्वचा घेऊन जपणाऱ्या केंद्राने ठरवायचं. दुसरं घड्याळ अवयव काढल्यापासून दुसऱ्याच्या शरीरात बसेपर्यंतचं: बर्फात ठेवलेलं हृदय आणि फुप्फुसं साधारण 4 ते 6 तास, यकृत 8 ते 12, मूत्रपिंड 24 ते 36 तास. भाषणात कुणी नुसतं ‘किडनी 24 तास टिकते’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, दुसऱ्या दिवशी कळवलं तरी चालेल. तेव्हा कोणता आकडा कोणत्या घड्याळाचा, हे त्याच वाक्यात सांगा.

पायरी दुसरी: मेंदूमृत्यू समजावता आला पाहिजे

ज्याला हा भाग सांगता येत नाही त्याने नेत्रदानापुरतंच बोलावं. अर्धवट माहितीने इथे भीती वाढते.

डोक्याला जबर मार लागला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला की कवटीतला दाब वाढत जातो. कवटी हाडाची, ती फुगत नाही. दाब रक्तदाबाच्या वर गेला की मेंदूला रक्त पोचणं थांबतं आणि मेंदूचा देठ, जिथून श्वास चालवला जातो, तो कायमचा बंद पडतो. व्हेंटिलेटर हवा आत-बाहेर करत राहतो. हृदयाला ठोके देणारं विजेचं केंद्र हृदयातच असतं, त्यामुळे ऑक्सिजन मिळेपर्यंत ते धडधडतं. नातेवाइकांना दिसते ती वरखाली होणारी छाती आणि लागतो तो हाताला उबदार स्पर्श. ‘हा मेला कसा?’ हा प्रश्न रास्तच आहे, त्याला हसून उडवू नका.

कोमातल्या माणसाच्या मेंदूला रक्त मिळत असतं. तो बरा होऊ शकतो किंवा वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. मेंदूमृत्यूतून परत येणं नाही. हा निष्कर्ष काढण्याआधी झोपेच्या औषधांचा अंमल, शरीराचं फार उतरलेलं तापमान अशी फसवी कारणं बाजूला काढतात. मग बाहुल्या उजेडाला आकसतात का, बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी हलते का, कानात बर्फाचं पाणी सोडल्यावर डोळे फिरतात का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, हे पाहतात. शेवटी श्वासाची चाचणी: ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला करतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. तो साधारण 60 मिलिमीटर पाऱ्याच्या पातळीवर जाऊनही एकसुद्धा श्वास आला नाही, तर देठ बंद आहे. या निकषांची पहिली मोठी मांडणी 1968 साली हार्वर्डच्या समितीने केली. किती डॉक्टरांनी तपासायचं, हे देशागणिक बदलतं. भारतात चार जणांचं मंडळ आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या, ब्रिटनमध्ये दोन डॉक्टर आणि चाचण्यांच्या दोन फेऱ्या. प्रत्यारोपण करणारं पथक या निदानात नसतं, हे मुद्दाम सांगा. ‘दाता म्हटलं की डॉक्टर प्रयत्न सोडतील’ या शंकेला तेच उत्तर आहे.

शब्द जपून वापरा. ‘व्हेंटिलेटरवर जिवंत ठेवलंय’, ‘मेंदू गेलाय पण माणूस आहे’ अशी वाक्यं तुमच्याच तोंडून निघाली तर ऐकणाऱ्याने विश्वास का ठेवावा? माणूस वारला आहे, यंत्राने रक्ताभिसरण चालू आहे, इतकंच म्हणा.

पायरी तिसरी: तुमच्या देशाचा कायदा एका पानावर

काही देशांत ‘हो’ म्हटल्यावरच दाता मानतात. भारताचा 1994 चा कायदा या वळणाचा. काही ठिकाणी ‘नाही’ नोंदवलं नसेल तर संमती गृहीत धरतात: स्पेन 1979 पासून, वेल्स 2015 पासून, इंग्लंड 2020 पासून. गंमत म्हणजे स्पेनमध्येही घरच्यांना विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत. त्या देशाच्या यशाचं श्रेय अभ्यासक कायद्यापेक्षा तिथल्या प्रशिक्षित समन्वयकांना देतात.

तुमच्या पानावर एवढं हवं: संमती द्यायचा पहिला हक्क कोणत्या नातेवाइकाचा, नोंदणी कुठे होते आणि ती रद्द कशी करतात, वयाची अट काय, अपघाती मृत्यूत पोलीस आणि शवविच्छेदन असेल तर दान करता येतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळ ठिकाणी ‘येतं, पण परवानगी घेऊन’ असं आहे. मेंदूमृत्यूंमध्ये अपघाताच्या केसेस बऱ्याच असतात, त्यामुळे हा प्रश्न येणारच.

पायरी चौथी: नेत्रपेढी किंवा प्रत्यारोपण समन्वय केंद्राशी जोडून घ्या

स्वतंत्र झेंडा लावू नका. जवळच्या पेढीला भेट द्या आणि कॉर्निया कशात ठेवतात, तपासतात कसा, हे डोळ्यांनी बघून या. एकदा पाहिलेलं असलं की बोलण्यात फरक पडतो. त्यांना चार गोष्टी विचारा: पथक किती किलोमीटरपर्यंत येतं, रात्री येतं का, त्वचा घेण्याची सोय आहे का, आणि फोन कोण उचलतं. जिथे त्वचापेढी नाही तिथे त्वचादानाची पत्रकं वाटण्यात अर्थ नाही. पत्रकावर नंबर छापण्याआधी तो सुट्टीच्या दिवशी एकदा लावून पाहा. पत्रक घरात पाच-सहा वर्षं पडून राहतं, नंबर मात्र बदलतो. म्हणून छपाईचं वर्षही घाला.

पायरी पाचवी: बोलणं

वीस मिनिटं बोला, तेवढाच वेळ प्रश्नांना ठेवा. तीनशेंच्या सभागृहापेक्षा पंचवीस-तीस जणांचा गट बरा, कारण खरे प्रश्न गर्दीत निघत नाहीत. शस्त्रक्रियेचे फोटो दाखवू नका. ‘एक माणूस आठ जीव वाचवतो’ हे वाक्य टाळ्या घेतं, पण त्यात ‘जास्तीत जास्त’ हा शब्द घालायचा राहतो. प्रत्यक्षात सगळे अवयव बसवण्याजोगे क्वचितच निघतात.

‘हे प्रयोग आहेत’ असं म्हणणारा एखादा असतोच. कॉर्नियाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण एडुआर्ड झिर्म यांनी 1905 मध्ये ओलोमॉत्स इथे केलं. मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण 1954 मध्ये बोस्टनला, जुळ्या भावांमध्ये झालं. 1967 मध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाउनमध्ये माणसाचं हृदय माणसात बसवलं. एवढं पुरे, इतिहासाचा तास घेऊ नका.

नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं:

चेहरा विद्रूप होतो का? नाही. बऱ्याच पेढ्या फक्त कॉर्नियाची चकती काढतात. पूर्ण डोळा काढला तरी आत आधार ठेवून पापण्या मिटवतात. त्वचेचा वरचा पातळ थर मांड्या, पाय आणि पाठीवरून घेतात. कपड्यांबाहेर काही दिसत नाही, रक्त वाहत नाही.

मला चष्मा आहे, मधुमेह आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चालेल? नेत्रदानाला यातलं काही आड येत नाही. लेझरने नंबर काढला असेल तर पेढीला सांगायचं, त्या डोळ्याचा वापर वेगळा होऊ शकतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, रेबीज, रक्ताचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, किंवा मृत्यूचं कारणच माहीत नसणं, या अवस्थांत डोळे घेत नाहीत. मात्र ‘आम्ही ठरवलं, चालणार नाही’ असं घरच्यांनी परस्पर ठरवू नये. फोन करावा, पेढी ठरवेल.

आंधळ्याला दिसू लागेल ना? कॉर्निया खराब झाल्यामुळे अंधत्व असेल तर. डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) किंवा डोळ्याची नस गेली असेल तर नाही. पूर्ण डोळा बसवून दृष्टी देता येत नाही, कारण मेंदूकडे जाणारी नस एकदा तुटली की जोडता येत नाही. हे स्पष्ट सांगितलं नाही, तर श्रोत्यांमधला दृष्टिहीन माणूस किंवा त्याचे आईवडील खोटी आशा घेऊन जातात.

कुणाला मिळणार? ते प्रतीक्षायादी ठरवते: रक्तगट, शरीराचा आकार, आजाराची निकड, अंतर, वाट पाहिलेला काळ. कॉर्नियाला बहुतेक वेळा रक्तगट जुळवावा लागत नाही. त्वचेलाही नाही, कारण ती भाजलेल्या जखमेवर तात्पुरतं पांघरूण म्हणून वापरतात. तेवढ्या काळात रुग्णाचं पाणी आणि प्रथिनं वाहून जाणं थांबतं, संसर्ग टळतो.

देहदानाचा फॉर्म भरलाय, मग? नेत्रदान करून देहदान सहसा होतं. अवयव काढलेला देह मात्र वैद्यकीय महाविद्यालयं बहुधा घेत नाहीत, कारण शरीररचना शिकवायला तो अपुरा पडतो. दोन्ही फॉर्म भरलेल्या माणसाने अग्रक्रम घरच्यांना सांगून ठेवावा.

धर्माचा प्रश्न आला तर धर्मगुरूची भूमिका घेऊ नका. त्या-त्या समाजातल्या मान्य व्यक्तीला बोलवा. दहा मिनिटं ती बोलली तरी तुमच्या तासाभराहून जास्त.

पायरी सहावी: नोंदणीचं टेबल

टेबलावर दोघं हवेत: एक समजावायला, एक कागद बघायला. गर्दीत ‘भरा हो, काय जातंय’ म्हणत भरून घेतलेला फॉर्म घरी गेल्यावर फाटतो. फॉर्म भरणाऱ्याला विचारा, ‘हे घरी कुणाला सांगणार?’ नाव कळलं की त्याला तिथेच फोन लावू दे किंवा कार्डाचा फोटो घरच्या ग्रुपवर पाठवू दे. त्याने टाळाटाळ केली तर दामटू नका. बहुधा घरात कुणाचा तरी विरोध असतो, आणि त्या माणसाशी बोलण्याची गरज असते. भरलेल्या फॉर्मवर पत्ते, आजार, फोन नंबर असतात. ते उघड्यावर ठेवू नका, त्यांचे फोटो काढून फिरवू नका.

पायरी सातवी: ‘आत्ताच गेले’ असा फोन आला तर

तुमच्या नावावर पत्रक वाटलं की एक दिवस असा फोन येतोच. क्रमाने हे करा.

पहिलं, पेढीचा नंबर द्या आणि त्यांनाच फोन करू द्या. कुणी बोलण्याच्या स्थितीत नसेल तरच त्यांच्या वतीने तुम्ही कळवा. पत्ता, मजला, लिफ्ट, ओळखीची खूण, मृत्यूची नेमकी वेळ, वय आणि कारण, एवढं एका दमात सांगता यायला हवं. पथक उशिरा पोचण्यामागे पुष्कळदा अपुरा पत्ता असतो.

मग घरच्यांना सांगा: डोळे पूर्ण मिटवा. पापण्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या घड्या ठेवा आणि सुकल्या की बदला. पंखा बंद करा, कारण वाऱ्याने कॉर्निया कोरडा पडतो. एसी असला तर चालू ठेवा. डोक्याखाली उशी देऊन ते साधारण सहा इंच उंच ठेवा, त्याने नंतर रक्त येण्याची आणि सूज दिसण्याची शक्यता कमी होते. मृत्यूचा दाखला किंवा डॉक्टरची चिठ्ठी आणि आजाराचे कागद हाताशी काढून ठेवा. संमतीपत्रावर जवळच्या नातेवाइकाची आणि साक्षीदारांची सही लागते.

पथक आलं की काम वीस ते तीस मिनिटांचं असतं, अंत्यविधी त्यासाठी अडत नाही. तपासणीसाठी थोडं रक्त घेतात, हे आधीच सांगून ठेवा. सुई पाहून कुणी तरी भडकतो आणि तिथून वाद सुरू होतो. आणखी एक: तपासणीनंतर कॉर्निया प्रत्यारोपणाला योग्य नाही असं निघू शकतं. अशा वेळी, संमती असेल तर, तो शिक्षणाला किंवा संशोधनाला वापरतात. ‘दोन जणांना दृष्टी मिळाली’ असं पेढीने कळवण्याआधी तुम्ही म्हणू नका.

दान अडतं ते मुख्यतः असं: फोनला उशीर होतो, कारण घरात आधी सगळ्यांना कळवायची घाई असते. किंवा बाहेरगावचा एखादा वडीलधारा नातेवाईक शेवटच्या क्षणी येतो आणि ‘मला विचारलं का?’ म्हणतो. अशा वेळी वाद घालू नका. मृत व्यक्तीची इच्छा काय होती, ती ज्याने स्वतः ऐकली त्याने एकदा सांगावी, आणि थांबावं. नकार आला तर तो नकार. आभार मानून निघा.

अतिदक्षता विभागातून फोन आला, तर तुम्ही तिथे जाऊन नातेवाइकांना राजी करायचं नाही. आधी डॉक्टर मृत्यूची बातमी देतात, ती पचायला वेळ देतात, आणि त्यानंतर वेगळ्या बैठकीत प्रशिक्षित समन्वयक दानाविषयी बोलतो. हे दोन संवाद एकत्र झाले की घरच्यांना वाटतं, यांचा डोळा अवयवांवर होता. तुम्ही समन्वयकाला कळवा आणि बाजूला व्हा.

काही खड्डे

‘अपघातात जोडपं मेंदूमृत, चार किडन्या उपलब्ध, ताबडतोब संपर्क करा’ अशा धर्तीचे संदेश अधूनमधून फिरतात. पुढे ढकलू नका आणि ग्रुपवर कारण सांगा: अवयव यादीनुसार मिळतात, फॉरवर्डवर नाही, आणि संदेश तुमच्यापर्यंत येईस्तोवर मूत्रपिंडाचे तास केव्हाच संपलेले असतात. ‘किडनी विकायची आहे’ असा निरोप आला तर एका ओळीत नकार द्या. अवयवांची खरेदी-विक्री जवळजवळ सगळ्या देशांत गुन्हा आहे. मध्यस्थी तर सोडाच, नंबरही पुढे देऊ नका. नातेवाइकाला जिवंतपणी मूत्रपिंड द्यायचं असेल तर तो रस्ता वेगळा, त्यांना थेट प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवा.

दाता आणि घेणारा यांची ओळख एकमेकांना करून देण्याचा मोह टाळा. बहुतेक ठिकाणी ती गुप्त ठेवायचा नियम आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. एकीकडे उपकाराचं ओझं, दुसरीकडे ‘माझ्या मुलाचं हृदय’ पुन्हा थांबलं तर होणारं दुसरं दुःख. दात्याच्या घरचे फोटो लेखी परवानगीशिवाय टाकू नका. शोकातल्या माणसाने मान हलवली, ती परवानगी नव्हे.

13 ऑगस्ट हा जागतिक अवयवदान दिन. त्या दिवशी कार्यक्रम करायला हरकत नाही, पण त्याच आठवड्यात सगळेच बोलतात आणि कुणाचंच फारसं ऐकलं जात नाही. इतर महिन्यांत गेलात तर वेळ जास्त मिळतो.

शेवटी हिशेब कशाचा ठेवायचा? किती फॉर्म भरले, ही एक ओळ असू द्या. तिच्याखाली दुसरी हवी. पंधरा दिवसांनी, ज्यांनी फोनची परवानगी दिली होती त्यांना एकच प्रश्न विचारा: ‘घरी बोललात का?’ बोललेल्यांचा आकडा लिहा. न बोललेल्यांना, कुरकुर न करता, काय अडलं ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. पुढच्या वेळी त्या गल्लीत, त्या कारखान्यात किंवा त्या शाळेत बोलायला जाल तेव्हा भाषणाची सुरुवात त्या वहीतून करा.